आवाज फाटू न देणाऱ्या नलूताई

नलूताई शेट्यांना कोणी ‘आवाज वाढवा’ म्हणालं, की त्या आधी म्हणणाऱ्याकडे बघायच्या, मग काट्याकडे बघायच्या, आणि मग वाढवायच्या नाहीत.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. जव्हारच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. आठ बाय दहाचं, एका बाजूला किराणा आणि दुसऱ्या बाजूला कापडवाला. पाटीवर ‘शेटे रेडिओ’ एवढंच लिहिलेलं. रेडिओ दुरुस्तीला येणं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण पाटी वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली, म्हणून ती बदलायची नाही. नलूताई उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या. अंबाड्यात बारका स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला असायचा. लग्नाकार्यालाही तो तिथेच राहायचा, आणि कोणी हसलं तर म्हणायच्या, “असू दे. तिथेही काहीतरी बिघडलेलं असतंच.”

मी साताऱ्याकडची. तिकडे काही वर्षं शिकवून जव्हारच्या हायस्कूलवर इंग्रजी शिकवायला आले आणि पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाची गाणी माझ्या गळ्यात पडली. अकरा नाच, अकरा गाणी. कोणाचं मोबाईलवर, कोणाचं जुन्या कॅसेटवर, कोणाचं ओरखडे पडलेल्या सीडीवर. ‘शेटे रेडिओत द्या, त्या एक सीडी मारून देतील,’ असं शिपायाने सांगितलं. दोन दिवसांनी सीडी मिळाली. तालमीत लावली तर हेडमास्तर म्हणाले, “बाई, यात दम नाही. मोठं करून आणा.”

मी दुकानात गेले. “जरा वाढवून द्या,” म्हटलं.

नलूताईंनी स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. दोन हिरव्या पट्ट्या गाण्याबरोबर वरखाली नाचत होत्या. याच पट्ट्यांना त्या काटा म्हणायच्या. वडिलांच्या जुन्या यंत्रावर खरोखरीचा काटा होता, तिथून तो शब्द आलेला.

“हिरवं आहे तोवर आवाज घरात आहे. पिवळं म्हणजे उंबऱ्यावर आला. लाल झालं की बाहेर गेला, मग तो परत येत नाही. मोठं हवं तर तिथल्या खोक्याचं बटण फिरवा, बाई. सीडीत वाढवला तर फाटतो. फाटलेला आवाज शिवायला मशीन नाही.”

मला तेव्हा हा अडेलतट्टूपणा वाटला. मी दुसऱ्या एका दुकानातून तीच गाणी हवी तेवढी मोठी करून आणली. संमेलनाच्या दिवशी, पाचवीच्या मुली शेतकरी नाचाला उभ्या राहिल्या आणि कर्ण्यांतून पत्रा ओढत न्यावा तसा खरखराट सुरू झाला. ढोल कुठला, बासरी कुठली, काही कळेना. मुलींना ठेका सापडेना. त्या एकमेकींकडे बघत थांबल्या आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या.

नलूताई प्रेक्षकांत होत्या. उठल्या, साऊंडवाल्याच्या टेबलाशी गेल्या, पिशवीतून आपली सीडी काढली, त्याच्या यंत्रात घातली आणि बटण उजवीकडे फिरवलं. बासरी स्वच्छ वाजली. मुली पहिल्यापासून नाचल्या. नलूताई परत जागेवर जाऊन बसल्या. सीडी बरोबर का आणली होती, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही आणि त्यांनीही त्या दिवसाचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. त्या स्टुलावर मी पुढची बारा-तेरा वर्षं बसले.

नलूताईंचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. टेपरेकॉर्डर आले तेव्हा त्यांनी एक चांगलं यंत्र घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी ते खांद्याला लावून पाड्यांवर जाऊ लागले. लग्नं लावणाऱ्या, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका, तारपा वाजवणारे म्हातारे, नागली दळताना गाणाऱ्या सासवा-सुना, जे ऐकू येईल ते भरून आणायचे. दोन पत्र्याच्या पेट्या कॅसेटींनी भरल्या होत्या. भाऊ ठाण्याला नोकरीला लागले, नलूताई मॅट्रिक होऊन दुकानात बसल्या. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलं तर “राहून गेलं” म्हणायच्या, ‘कपडे वाळत घालायचे राहून गेले’ म्हणावं तितक्या सहज.

कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली तेव्हा नाशिकहून एक विक्रेता आला. यंत्रात सगळं भरून देतो म्हणाला, गाणी कापायचं, जोडायचं, सीडी राईट करायचं, सगळं. नलूताईंनी विचारलं, “या प्रोग्रामचं बिल?”

“बिल कशाला, ताई? सगळे असंच वापरतात.”

“म्हणजे चोरीचं.”

तो हसला. “तसं नाही, कॉपी केलेलं.”

“आमच्या बाबांनी आयुष्यात चोरीचा ट्रान्झिस्टर कोणाच्या रेडिओत लावला नाही,” नलूताई म्हणाल्या. “नुसतं यंत्र ठेवून जा.”

ते यंत्र पंधरा दिवस रिकामंच होतं. मग एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली चकती त्यांना मिळाली. तिच्यात मुक्त सॉफ्टवेअर होतं, कोणीही घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं असं. त्यात आवाज कापायचं-जोडायचं साधन होतं, सीडी राईट करायचं होतं, वाजवायचं होतं, मोजायचं होतं, आणि एका जातीची फाईल दुसऱ्या जातीत बदलायचं होतं. हे शेवटचं तर नुसत्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालायचं. नलूताई त्याला ‘गिरण’ म्हणायच्या. “थांबा जरा, तुमचं गाणं गिरणीत टाकलंय,” असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं मी अनेकदा ऐकलं आहे. त्या आज्ञा त्यांनी शंभर पानी वहीत उतरवल्या होत्या. एका ओळीत इंग्रजी अक्षरं, खालच्या ओळीत देवनागरीत उच्चार, आणि तिसऱ्या ओळीत ‘हे का’. तिसरी ओळ रिकामी असेल तर ती आज्ञा त्या वापरायच्या नाहीत.

गिऱ्हाईक विचारायचं, “म्हणजे हे सगळं फुकटचं ना?”

“फुकट नाही, मोकळं,” त्या म्हणायच्या. हे वाक्य त्यांनी हजार वेळा तरी म्हटलं असेल आणि दर वेळी हातातलं काम ठेवून. “फुकट म्हणजे कोणी दिलं, आपण घेतलं, संपलं. मोकळं म्हणजे रेडिओसारखं. मागचे चार स्क्रू काढले की आत काय आहे ते दिसतं. बिघडलं तर नीट करता येतं. आणि नीट केलेलं शेजाऱ्याला देता येतं.”

सीडी राईट करायची तर सगळ्यात कमी वेगावर. लग्नघाईत आलेलं गिऱ्हाईकही त्यातून सुटायचं नाही. ती होत असताना काऊंटरवर कोणी कोपर टेकवायचं नाही. झाल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची. आणि पाकिटावर लिहायचं: कोणाचा आवाज, कुठला पाडा, यंत्र कोणी धरलं होतं. वडिलांच्या बऱ्याच कॅसेटींवर नुसतं ‘मोखाडा, बाई’ असं लिहिलेलं असायचं. नलूताई तेवढ्यावर थांबायच्या नाहीत. बाजाराच्या दिवशी त्या बाजूच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांना दुकानात बोलवून गाणं ऐकवायच्या. ही कोण, ओळखता का? दोन-दोन महिने लागायचे, पण नाव सापडायचं. “आवाज आहे म्हणजे नाव आहे,” त्या म्हणायच्या. ‘अज्ञात’ हा शब्द त्यांच्या एकाही पाकिटावर मी पाहिला नाही.

एके दिवशी मी गेले तर त्या पडद्यासमोर बसून एकट्याच हसत होत्या. त्या आवाज कापायच्या साधनाची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात आता मराठी होती. आवाज लाल रेषेच्या वर जाऊन फाटला की इंग्रजीत त्याला क्लिपिंग म्हणतात. मराठी करणाऱ्याने शब्दकोश उघडून लिहिलं होतं ‘कात्रण’.

“माझा आवाज फाटला तर हे मला सांगणार, तुमचं कात्रण झालं आहे,” त्या म्हणाल्या. मग हसू थांबलं. “बाई, एक पत्र लिहायचं. इंग्रजी तुमचं, राग माझा.”

आम्ही पत्र लिहिलं. राग मी बराच गाळला. नलूताईंनी तो वाचून परत थोडा घातला. चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव आम्हाला दोघींना नीट उच्चारता येईना. त्याने लिहिलं होतं की मराठी त्याला येत नाही, चूक दाखवल्याबद्दल तो आभारी आहे, आणि बाई, तुम्हाला आणखी जे शब्द चुकलेले दिसतील ते सगळे कळवा.

‘सगळे’ हा शब्द नलूताईंनी अगदी मनावर घेतला. पुढचे तीन महिने शाळा सुटली की मी स्टुलावर आणि त्या खुर्चीत. एकेका शब्दावरून आमची भांडणं. गाणं हळूहळू संपतं त्याला मी ‘क्षीण होणे’ सुचवलं.

“क्षीण माणूस होतो, बाई. आवाज विरतो.”

आवाज बंद करायच्या बटणाला मी ‘मूक’ म्हटलं, त्यांनी ‘गप्प’.

“गप्प बरं दिसत नाही,” मी म्हटलं. “उर्मट वाटतं.”

“मशीनला कसला आलाय मान?”

सीडीच्या साधनात कोणीतरी ‘सीडी जाळा’ लिहून ठेवलं होतं. “हे वाचून एखादी आजी खरंच चुलीत घालायची,” म्हणून तिथे ‘सीडीवर भरा’ आलं. प्रत्येक शब्द त्या दुकानात येणाऱ्या चार माणसांना आधी दाखवायच्या. ज्याला विचारावं लागलं ‘म्हणजे काय’, तो शब्द रद्द. माझे बहुतेक शब्द असेच गेले.

काही महिन्यांनी पुढची आवृत्ती आली. नलूताईंनी मुद्दाम मोठ्या आवाजाची फाईल लावली. पट्टी लाल झाली आणि तिच्याशेजारी शब्द उमटले: आवाज फाटला. मग त्यांनी ती यादी उघडली जिच्यात साधन बनवणाऱ्या, सुधारणाऱ्या जगभरच्या माणसांची नावं असतात. खाली खाली सरकत गेलो. मराठीच्या खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, नलिनी शेटे, जव्हार.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी ऐकायला थांबले होते.

“जव्हारचं स्पेलिंग बरोबर लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेढ्यांचा पुडा उघडून ठेवला होता. कशाबद्दल, असं विचारणाऱ्याला सांगत होत्या, “गावाचं नाव आलंय.” स्वतःचं नाव आलंय हे बाजारपेठेला मी सांगितलं. कापडवाल्याने त्या पडद्याचा फोटो काढून आपल्या दुकानात लावला. त्याला सॉफ्टवेअर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आपल्या शेजारणीचं नाव परदेशात छापून आलंय एवढं त्याला पुरेसं होतं. मलाही त्या दिवशी वर्गात शिकवताना मान जरा वरच वाटत होती. यादीत माझं नाव नव्हतं, आणि नव्हतं तेच बरोबर होतं.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी शाळा बंद झाल्या. धडे मोबाईलवर येऊ लागले, चित्रांसह, मोठमोठ्या फाईली. आम्हा शिक्षकांना गावं वाटून दिली होती. माझ्या वाट्याला वावर गावाच्या पलीकडचं वांगणी आलं. तिथे रेंज यायची ती एका खडकावर चढून, तीही वारा असेल त्या बाजूची. मी परत येऊन स्टुलावर बसले आणि म्हटलं, “नलूताई, काही होणार नाही.”

“फोन तरी आहेत?”

“आहेत. पण बटणांचे.”

“मग झालं की. कुठले कुठले आहेत ते लिहून आणा.”

मी घरोघर जाऊन फोनांची नावं लिहून आणली. नलूताईंनी बाजारातून, ओळखीपाळखीतून त्या प्रत्येक जातीचा एकेक फोन उसना मिळवला आणि वहीचं नवं पान काढलं: ‘कुठला फोन काय खातो’. एकाला एक जात चालायची, दुसऱ्याला ती पचायची नाही. एका फोनवर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून फाईलींना आकडे दिले. एक फोन आकडेही बघायचा नाही, ज्या क्रमाने कार्डावर भरल्या त्याच क्रमाने वाजवायचा, म्हणून त्याच्यासाठी एकेक फाईल हाताने रांगेत भरायची. चित्र काढून टाकलं, नुसता आवाज ठेवला, तोही लहान केला, आणि शंभरावर धडे नखाएवढ्या मेमरी कार्डात बसवले. गिरण आठवडाभर बंद झाली नाही.

मी कार्डं वाटून आले. पंधरा दिवसांनी गेले तर एकाही मुलाने धडे ऐकले नव्हते. एका आईने कार्ड परत माझ्या हातात ठेवलं. “पोरां आयकत नांत, बाई. त्यांना कळंच नाय तं काय आयकतील?”

पुस्तकी मराठी होती. ती घरात कोणी बोलत नव्हतं. मी बावीस वर्षं मुलांना भाषा शिकवत होते आणि ही गोष्ट मला एका आईने सांगावी लागली. जव्हारला परतताना जीपमध्ये मला स्वतःचीच लाज वाटत होती. नलूताईंना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “हो की. हे आपण आधी विचारायला हवं होतं.” आणि त्यांनी कमळ भोयेला निरोप पाठवला.

कमळ मोखाड्याकडच्या सूर्यमाळची अंगणवाडी सेविका. वडिलांच्या कॅसेटींतली नावं शोधताना नलूताईंची तिच्याशी ओळख झाली होती. धिप्पाड बाई, आवाज डोंगर ओलांडून जाईल असा. तिच्या बोलीत मोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात, म्हणून ती नलूताईंना ‘तू’ म्हणायची. जव्हारात त्यांना ‘तू’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. नलूताईंना ते फार आवडायचं.

दुकानाच्या मागच्या खोलीत तीन भिंतींना गोधड्या टांगल्या आणि कमळ धडे सांगायला बसली. आधी आपल्या बोलीत गोष्ट, मग पुस्तकातलं मराठी, मग पुन्हा बोलीत. पहिलाच शब्द तिने असा उच्चारला की दोन्ही पट्ट्या लालभडक झाल्या. कमळ ओशाळली. “हळू बोलू का?”

“बिलकूल नाही,” नलूताई म्हणाल्या. “आवाज तुझा आहे तोच ठेव. तू फक्त दोन पावलं मागे सर.”

कमळ मागे सरली. पट्ट्या हिरव्या झाल्या. ती जे बोलली ते मी दाराशी उभी राहून ऐकलं आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हा धडा आपणही आवडीने ऐकला असता.

नवी कार्डं गेली. दिवाळीनंतर वांगणीतली निम्मी घरं वीटभट्टीवर कामाला गेली, दर वर्षी जातात तशी. कार्डंही फोनांबरोबर गेली. भट्टीवर काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता.

भात-नागलीच्या कामांच्या आधी माणसं परतली तेव्हा मी वांगणीला गेले. मंदा नावाची एक मुलगी होती. शाळा बंद झाली तेव्हा पहिली नुकती संपवलेली, जेमतेम अक्षरओळख झालेली. त्यानंतर वर्षभर तिने शाळा पाहिली नव्हती. मी पुस्तक तिच्यापुढे उघडलं ते फारशी आशा न धरता. मंदाने ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. अडखळत, पण थेट कमळच्या चालीत, तिच्याच हेलात. एका वाक्याच्या मध्ये ती थांबली, तोंडावर हात धरून एकदा खोकली, आणि पुढे वाचू लागली.

मला कळेना. मग आठवलं, त्या धड्यात कमळला खोकला आला होता आणि तो तसाच राहिला होता. मुलीला वाटलं होतं, तिथे खोकायचं असतं.

पाठ केलंय की वाचते आहे, ते बघायला मी तिने न ऐकलेलं पान काढलं. मंदाने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोट ठेवलं. या वेळी फार हळू. एक शब्द चुकला, परत मागे गेली, सुधारला. ती वाचत होती. तिची आई म्हणाली, “भट्टीवर सांजच्याला सगळीच पोरां बसत या फोनच्या भोवती. आमच्या वांगणीचीच नाय, बाजूच्या झोपड्यांतली पन.”

जव्हारला पोहोचून मी हे सगळं नलूताईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं, उठल्या, ती फाईल शोधून काढली आणि त्या खोकल्याच्या जागी थांबल्या. “हा काढायला हवा होता,” म्हणाल्या. मग फाईल बंद केली. “राहू दे. मंदाचा पाठ आहे तो.” त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्या यादीत नाव आलं तेव्हाही पाहिला नव्हता.

त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की नलूताई हल्ली माझ्याशी बोलताना खुर्ची वळवून डावी बाजू पुढे करतात. वडिलांची दुसरी पेटी तेव्हा त्यांनी हातात घेतली होती. जुनी कॅसेट वाजवताना यंत्राचं डोकं फितीशी अगदी सरळ बसावं लागतं. ते बारीक स्क्रूने फिरवायचं, आणि आवाज बोदा होता तो मोकळा झाला की थांबायचं. हे काम कानाचं. त्या दिवशी त्या स्क्रू फिरवत होत्या आणि हेडफोन टेबलावर पडला होता.

“नलूताई, ऐकत नाही आहात?”

त्यांनी स्क्रू फिरवायचं थांबवलं. मग म्हणाल्या, “उजवा गेलाच आहे. डावा निघायच्या तयारीत आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. मशीन लावून बोलणं कळेल, पण बारीक आवाज नाही कळायचे.”

“मग हे कसं करताय?”

त्यांनी पडदा वळवला. त्यावर आवाजाचा आलेख होता, जाड आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे. त्यांनी स्क्रू केसभर फिरवला. उजवीकडचं टोक उचललं गेलं. आणखी केसभर, आणखी उचललं. मग खाली पडू लागलं तेव्हा त्यांनी स्क्रू मागे आणला. “इथे. आता ऐका.”

मी हेडफोन लावला. एक म्हातारी बाई लग्नाचं गाणं म्हणत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. बांगड्यासुद्धा स्पष्ट.

“बांगड्या येतात?” नलूताईंनी विचारलं.

“येतात.”

“मला नाही येत. गेल्या चाळीस कॅसेटी अशाच केल्या.”

त्या चाळीस कॅसेटींपैकी कितीतरी मी ऐकल्या होत्या. एकीतही काही कमी वाटलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, पण त्यांनी तेवढ्यात पुढची कॅसेट काढून तिच्यावरची धूळ फुंकली होती. पेटी त्यांनी संपवली. शेवटच्या पाकिटावरही नाव, पाडा, आणि ‘यंत्र धरणारे: बाबा’ असं लिहिलं.

मग त्यांनी कॉम्प्युटरचं सगळं एका लॅपटॉपवर भरलं आणि महिन्यातून दोनदा सूर्यमाळला जाऊ लागल्या. कमळला शिकवायला. वहीही तिला दिली. कमळने त्या वहीत चौथी ओळ सुरू केली, आपल्या बोलीत.

निवृत्त होऊन मी साताऱ्याला परत निघाले, त्याच्या आधीच्या आठवड्यात नलूताई म्हणाल्या, “बाई, एकदा सूर्यमाळला चला.” उन्हाळा होता. आम्ही सकाळच्या जीपने गेलो. अंगणवाडीच्या खोलीत कमळ एका म्हाताऱ्या आजीचं गाणं भरून घेणार होती. आजीची पूर्ण गाणी येणारी तिच्या वयाची दुसरी बाई त्या बाजूला राहिली नव्हती. कमळने खिडकीला गोधडी लावली, माईक ठेवला, आजीला बसवलं आणि दार ओढून घेतलं. नलूताई बाहेरच थांबल्या.

“आत जा ना,” मी म्हटलं.

“मी आत असले की कमळ माझ्याकडे बघते. तिने पडद्याकडे बघायला हवं.”

अंगणवाडीच्या पुढे रस्त्याकडेला हंड्यांची रांग लागली होती. त्या दिवशी पाण्याचा टँकर यायचा होता. बायका सावलीला बसल्या होत्या. आतून आजीचा आवाज बारीक, न थांबता येत होता. मला येत होता. नलूताईंना येत नव्हता, पण त्या आंब्याखालच्या दगडावर बसून समोरच्या वळणाकडे बघत होत्या.

वळणावर धूळ दिसली. मला इंजिनाची घरघर ऐकू यायच्या आधी नलूताई उठल्या होत्या. त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. टँकर त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. नलूताईंनी किल्ली फिरवायची खूण केली. ड्रायव्हरने हंड्यांच्या रांगेकडे पाहिलं, पाणी अडवलं म्हणून बायका ओरडतील असं त्याला वाटलं असावं. रांगेतली एक बाई उठून हळूच म्हणाली, “थांब रे जरा. आजीचं गाणं होऊं दे.” त्याने इंजिन बंद केलं.

ऊन चढत होतं, पाणी समोर उभं होतं, आणि सगळ्या बायका हंड्यांवर हात ठेवून ऐकत होत्या. काहींचे ओठ हलत होते. नलूताई हात वर धरूनच उभ्या होत्या, दाराकडे तोंड करून.

गाणं संपलं. दार उघडलं आणि कमळ उंबऱ्यात आली. तिने नलूताईंकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली, एकदाच. नलूताईंनी हात खाली घेतला आणि चढाने अंगणवाडीकडे चालू लागल्या. मागे ड्रायव्हरने गाडी चालू केली. त्यांना ते ऐकू आलं नाही. त्या रस्त्याच्या अगदी मधून, नेहमीच्या चालीने येत होत्या. ड्रायव्हरने हॉर्नकडे हात नेला, रांगेकडे बघितलं, आणि काढून घेतला. तो भरलेला टँकर पहिल्या गियरमध्ये, त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने वर येत राहिला.